फेरेटच्या पाण्याचं रोजचं दुखणं: गळकी बाटली, उलटी वाटी आणि अर्धवट तहान

फेरेट पाळणाऱ्या घरांत एक तक्रार फिरून फिरून येते. पिंजऱ्याला उलटी टांगायची तोटीची बाटली लावली तर ती गळते किंवा अडकते, वाटी ठेवली तर ती पाचव्या मिनिटाला उलटते, आणि या गोंधळात प्राणी नक्की किती पाणी पितोय हे कुणालाच कळत नाही. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहते. घरी फेरेट आहेतच, शिवाय इथल्या एका फेरेट निवाऱ्यात हातभार लावते. तिथे येणारी नवी पाळणारी मंडळी आणि ओळखीतली मराठी घरं, दोन्हीकडून हाच प्रश्न येतो: बाटली की वाटी? हा गुंता इतक्या वेळा सोडवून झालाय की तपासणीचा क्रम आता हातात बसलाय. तोच इथे लिहिते.

ज्यांनी फेरेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. दिसायला ते मुंगसासारखं, पण कूळ मुंगसाचं नाही, पाणमांजराचं. मादी साधारण पाऊण किलोची, नर एक ते दोन किलोचा. दिवसातले १४ ते १८ तास झोप आणि उरलेल्या वेळात अखंड उचापती. मांसाहारी प्राणी, आतडं आखूड. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून ते दिवसभर थोडंथोडं खातं आणि प्रत्येक खाण्याबरोबर पाण्याकडे जातं. त्यामुळे रात्री बाटली अडकली आणि तुम्ही सकाळी पाहिलं, तर मधल्या वेळात त्याचं खाणंही थांबलेलं असतं.

आधी लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर पुढची तपासणी तुमच्यासाठी आहे:

- पिंजऱ्याचा तळ किंवा झोपायची झोळी रोज ओली, बाटली मात्र सकाळी रिकामी.
- बाटलीतली पातळी दोन दिवस हललेलीच नाही.
- फेरेट तोटी दातांनी धरून खडखडवतं, चावतं, ओढतं.
- वाटीत पुढचे पंजे घालून पाणी उपसतं, किंवा नाकाने ढकलत वाटीच फिरवतं.
- पाण्यात दाणे, केस, क्वचित विष्ठाही.
- शी कोरडी आणि कमी, लघवी गडद आणि थोडी, खाणं मंदावलेलं.
- किंवा उलटं: पाणी अचानक दुप्पट जातंय आणि लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) सतत ओला.

शेवटचं लक्षण भांड्याचं नसण्याची शक्यता जास्त. तिथे पहिली तपासणी करा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

१. मोजा (खर्च शून्य)

बहुतेक जण इथूनच घसरतात. दुकानात जाऊन नवी बाटली आणतात, आठवड्याने वाटी आणतात, आणि आधी किती पाणी पोटात जात होतं हे माहीतच नसल्याने फरक पडला की नाही तेही कळत नाही.

कोरडे दाणे खाणारं मोठं फेरेट दिवसाला साधारण ७५ ते १०० मिली पाणी पितं. ओलं किंवा कच्चं मांस खाणाऱ्याला बरंचसं पाणी अन्नातून मिळतं, त्यामुळे त्याचा आकडा खाली असतो आणि त्यात काळजीचं काही नाही. मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, कारण एक ग्रॅम म्हणजे एक मिली. भरलेली वाटी तोला, २४ तासांनी पुन्हा तोला. शेजारी, पण प्राण्याच्या आवाक्याबाहेर, तसलीच दुसरी भरलेली वाटी ठेवा. तिचं जेवढं वजन घटलं तेवढं पाणी हवेत गेलं, ते वजा करा. हिवाळ्यात हीटर चालू असताना ही वजाबाकी विसरू नका, कारण घरातली हवा फार कोरडी असते. बाटलीखाली परात ठेवा म्हणजे गळलेलं पाणीही मोजता येईल. दोन-तीन दिवस असं करा, एका दिवसावरून निष्कर्ष नको.

एकापेक्षा जास्त फेरेट असतील तर हाती फक्त बेरीज येते, आणि एक जण सगळं पितोय, दुसरा तहानलेला, हे बेरजेत लपतं. म्हणून आठवड्याला प्रत्येकाचं वजनही लिहून ठेवा. हिवाळ्यात ती अंगाने भरतात आणि उन्हाळ्यात उतरतात, तेव्हा ऋतूबरोबरचा सावकाश बदल चालेल. एका आठवड्यात झपकन उतरलेलं वजन चालणार नाही.

आकडा ठीक असेल तर प्रश्न फक्त सांडण्याचा आहे, शांतपणे सोडवा. आकडा कमी असेल तर पुढच्या तपासण्या त्याच दिवशी करा, आणि तोवर एका जड वाटीत साधं पाणी जास्तीचं ठेवून द्या.

२. बाटलीची तोटी बोटाने तपासा

बाटली उलटी टांगली तरी पाणी पडत नाही, कारण तोटीच्या टोकाशी एक धातूचा छर्रा बसलेला असतो आणि वरच्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. फेरेट जिभेने छर्रा आत ढकलतं, दोन थेंब बाहेर येतात आणि त्यांच्या जागी हवेचा एक बुडबुडा आत वर चढतो. हा बुडबुडा बघायचा. बोटाच्या टोकाने छर्रा चार-पाच वेळा दाबा. बोट ओलं झालं आणि बुडबुडा वर गेला, तर तोटी चालू आहे. बोट कोरडंच राहिलं तर ती बंद आहे, मग बाटली कितीही भरलेली दिसो.

भरलेली दिसणारी बंद बाटली ही या सगळ्यातली सर्वांत घातक गोष्ट. रिकामी वाटी खोलीत पाऊल टाकताच दिसते. अडकलेली बाटली मात्र लांबून बघणाऱ्याला पाणी आहे असंच सांगते. ही बोटाची तपासणी मी दिवसातून दोनदा करते आणि बाटली वापरणाऱ्या प्रत्येकाने करावी असं माझं म्हणणं आहे.

तोटी अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जड पाण्याचा पांढरा क्षार. तोटी सुटी करून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून त्यात तासभर बुडवा, नळीच्या बारीक ब्रशने आतून घासा आणि वास जाईपर्यंत धुवा. नळीच्या आत बोट फिरवता येत नाही, पण तिथे बुळबुळीत थर साचतोच. ब्रशवर तो पहिल्यांदा पाहिला की रोज धुण्याचा आग्रह का, हे सांगावं लागत नाही. बाटलीच्या भिंतीवर हिरवट झाक दिसली तर ते शेवाळ, म्हणजे बाटली उन्हात आहे. जागा बदला.

३. गळत असेल तर: वॉशर, पातळी, ऊन

क्रमाने बघा. झाकण आट्यांवर तिरकं बसलंय का? आतला रबरी वॉशर जागेवर आहे का, दुमडलाय का, फाटलाय का? बाटली पिंजऱ्याला घट्ट बांधलेली आहे की फेरेटांच्या कुस्तीत दर वेळी हलते? हलली की छर्रा सुटतो आणि दोन-चार थेंब जातात. रात्रभरात त्याचं तळं होतं.

एक कारण मात्र पटकन सुचत नाही. अर्धी रिकामी बाटली खिडकीशी असेल तर ऊन आल्यावर आतली हवा तापून फुगते आणि पाण्याला बाहेर ढकलते. बाटली सकाळी कोरडी आणि दुपारी गळकी असेल तर हेच. उपाय सोपा: सावलीत टांगा आणि रोज काठोकाठ भरा. आत हवा जितकी कमी, तितकं ढकलणं कमी.

वॉशरबद्दल थोडं जास्त बोलते. फेरेटला रबर चावायचं भयंकर वेड असतं. चपलेचा तळ, रिमोटची बटणं, इअरफोनचं टोक, आणि हाती लागला तर बाटलीचा वॉशर. गिळलेला रबराचा तुकडा आतड्यात अडकतो आणि ती जिवाशी गाठ असते. वॉशर कुरतडलेला दिसला तर नवा बसवून विषय संपवू नका. उरलेले तुकडे जुळवून बघा. काही कमी भरत असेल तर तो पशुवैद्याचा विषय झाला.

४. जागा आणि उंची

बाटलीची तोटी फेरेट चार पायांवर उभं असताना त्याच्या नाकाच्या किंचित वर असावी. फार वर असेल तर मान ताणून प्यावं लागतं आणि ते कंटाळून सोडून देतं. फार खाली असेल तर मान वळवावी लागते. हा प्राणी मांजरासारखा जिभेने लपालपा पिणारा आहे. थेंबाथेंबाने पिणं त्याला जमतं, पण एका वेळी पोटात कमी जातं.

वाटीचं म्हणाल तर लिटर बॉक्सपासून जितकी लांब तितकी बरी. फेरेट शी करायला पाठ फिरवून कोपऱ्यात सरकतं, आणि त्या कोपऱ्यात पाणी असेल तर ते पाण्यातच करणार. खाण्याच्या भांड्याला चिकटूनही नको, कारण दाणे पाण्यात पडून फुगतात आणि पाणी तासाभरात आंबूस होतं. एका हाताचं अंतर पुरे.

दुमजली-तिमजली पिंजरा असेल तर पाणी कोणत्या मजल्यावर आहे ते बघा. वय झालेल्या फेरेटचे मागचे पाय कमजोर होतात. ते शिडी चढायचं टाळतं आणि तहान मारून झोळीत पडून राहतं. पाणी झोपायच्या मजल्यावर आणलं एवढ्याने पिणं सुरू झालेली म्हातारी फेरेटं मी पाहिली आहेत.

५. वाटी बदला (थोडा खर्च)

आपल्या मराठी घरांत पहिली वाटी ठेवली जाते ती आमटीची, स्टीलची. ती हलकी, बुडाला निमुळती आणि काठाला पातळ. फेरेटने काठावर एक पंजा ठेवला की उलटलीच. वाटी हवी ती जड चिनीमातीची, रुंद बुडाची, बसक्या बांध्याची. पाण्यासकट तिचं वजन तुमच्या फेरेटपेक्षा जास्त भरलं पाहिजे. त्यासाठीही तोच वजनकाटा. आतला चकचकीत लेप तडकलेला नको. प्लास्टिक मी सुचवत नाही. त्याच्यावर ओरखडे पडतात, ओरखड्यांत घाण राहते, आणि चावून निघालेले तुकडे पोटात जातात.

त्याहून खात्रीची सोय म्हणजे पिंजऱ्याच्या जाळीला स्क्रूने घट्ट बसणारी स्टीलची वाटी. नुसती आकड्याने अडकवायची घेऊ नका, ती फेरेट नाकाने वर उचलून काढतं. ही वाटी त्याच्या छातीच्या उंचीला बसवा. जमिनीवरच्या वाटीत पुढचे पाय सहज जातात, छातीच्या उंचीवरच्या वाटीत तोंड जातं पण उपसायला जोर मिळत नाही. जाळी खालून जिथे वाकते तिथे न बसवता उभ्या दांड्याजवळ बसवा, नाहीतर स्क्रू हळूहळू सैल पडतो.

एवढं करूनही उपसणं चालूच असेल, तर त्याला खेळायला वेगळं पाणी द्या. पाण्यात नाक खुपसणं, पंजांनी ढवळणं हा त्याचा खेळ आहे, खोडी नाही, त्यामुळे रागवून काही होत नाही. पिंजऱ्याबाहेरच्या वेळात एका परातीत दोन बोटं कोमट पाणी आणि त्यात एक-दोन टेबल-टेनिसचे चेंडू टाका, तुम्ही समोर बसा. पंधरा-वीस मिनिटं मनसोक्त खेळू द्या, मग पुसून कोरडं करा. रोज असं खेळणारी फेरेटं पिण्याच्या वाटीला बहुधा सोडून देतात. बहुधाच म्हणते, कारण काही महाभाग दोन्हीकडे खेळतात. त्यांच्या वाटीखाली परात ठेवायची आणि पाणी दिवसातून तीनदा बदलायचं, दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

६. सवय नसेल तर

अमेरिकेत दुकानातून येणारी बरीच पिल्लं बाटलीवर वाढलेली असतात. त्यांना वाटी म्हणजे खेळणं वाटतं. निवाऱ्यातून आलेल्या मोठ्या फेरेटचं उलटंही असतं, त्याला बाटली कळतच नाही. म्हणून एक काढून दुसरं लावायचं, असं एका रात्रीत कधीच करू नका. दोन आठवडे दोन्ही ठेवा. वाटीकडे वळवायचं असेल तर काठाला बोटभर सॅमन माशाचं तेल लावा. चाटता चाटता जीभ पाण्याला लागते. पाण्यात मात्र तेल, साखर, जीवनसत्त्वाचे थेंब असलं काही घालू नका. चव बदलली की काही फेरेटं पाणीच सोडतात, आणि गोड पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात. नळाचं पिण्यायोग्य पाणी पुरतं.

दोन आठवड्यांनंतर मोजमाप बघून ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य पाणी वाटीत, आणि बाटली सोबतीला, वाटी रिकामी झालीच तर. एकट्या बाटलीवर मी कुठल्याच फेरेटला ठेवत नाही. चावून चावून सुळ्यांची टोकं तुटतात, पाणी कमी जातं आणि अडकली तर कळत नाही. प्रवासातल्या छोट्या पिंजऱ्यात मात्र बाटलीच बरी, गाडी हलताना वाटी टिकत नाही. बाहेर खुराड्यात ठेवत असाल तर कडाक्याच्या थंडीत तोटीचं पाणी आधी गोठतं, हेही लक्षात असू द्या.

सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जाणाऱ्यांनो, तुमच्यामागे फेरेट सांभाळणाऱ्या मैत्रिणीला फक्त "पाणी बघ गं" म्हणून निघू नका. तोटी बोटाने कशी तपासायची, वाटी केव्हा बदलायची, दिवसाला साधारण किती पाणी जातं, हे कागदावर लिहून पिंजऱ्याला लावा. शेजारी पशुवैद्याचा नंबर.

७. खोलीचं तापमान

फेरेटला घामाने अंग थंड ठेवता येत नाही. २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ८० फॅरनहाइटच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि ३२ च्या पुढे जिवाचा धोका असतो. उन्हाळ्यात पाणी जास्त जाऊ लागलं तर आधी पिंजऱ्याजवळ तापमापक ठेवा. गॅरेज, पोटमाळा, काचेची गॅलरी या जागा उन्हाळ्यात नकोतच. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, हिरड्या लालभडक, अंग लुळं पडणं असं दिसलं, तर पंजे आणि पोट साध्या गार पाण्याने ओलं करा, बर्फाचं पाणी नको, आणि लगेच दवाखाना गाठा.

८. तोंडात बघा

सगळं भांडं-पाणी ठीक आहे, तरी पीत नाही? मग तोंड. फेरेटच्या मानेमागची सैल कातडी एका हाताने धरून, दुसरा हात ढुंगणाखाली देऊन हळूच उचललं की ते ढिलं पडतं आणि बहुतेक वेळा लांबलचक जांभई देतं. त्या जांभईत सुळे, दाढा, हिरड्या सगळं दिसतं. सुळ्याचं टोक तुटून आत काळपट ठिपका, दाढांवर तपकिरी किटण, सुजलेली हिरडी, किंवा टाळूला अडकलेला तुकडा शोधा. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोट लावल्यावर चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. मानेची कातडी ओढून बघायची रीत फेरेटमध्ये फारशी भरवशाची नाही, कातडी मुळातच जाड असते.

अडकलेला तुकडा समोर दिसतोय आणि बोटाने सहज निघतोय, तेवढाच काढा. दात, हिरडी यांना घरी हात लावायचा नाही.

इथे थांबा आणि पशुवैद्याकडे जा

खालच्यापैकी काहीही असेल तर बाटली-वाटीची चर्चा बंद:

- नर लघवीला जोर करतोय, थेंब येतोय किंवा येतच नाही. मूत्रपिंडाशेजारच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींच्या आजारात मूत्रमार्गाभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी सुजून लघवी अडते. सकाळपर्यंत थांबू नका.
- पाणी आणि खाणं दोन्ही सोडून अर्धा दिवस झाला. पिल्लू, म्हातारं किंवा आधीच आजारी असेल तर त्याहूनही लवकर.
- उलट्या, दात खाणं, पोट धरल्यासारखं आखडून बसणं, शी बंद. रबर गिळल्याचा संशय असेल तर आणखीच.
- लाळ गळणं, पंजाने तोंड ओरबाडणं, नजर शून्यात, मागचे पाय ओढणं. हे तोंडाचं दुखणं वाटतं, पण स्वादुपिंडातल्या गाठीमुळे रक्तातली साखर उतरल्याचं असू शकतं, आणि तीन वर्षांपुढच्या फेरेटांत हा आजार नेहमीचा आहे. शुद्धीत असेल तर हिरडीला बोटाने किंचित मध चोळा आणि निघा. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका.
- गरमी नाही, खाणं बदललेलं नाही, तरी मोजलेलं पाणी दोन-तीन दिवस दुप्पट. मूत्रपिंड आणि साखर तपासायला हवी. सांडणं कमी व्हावं म्हणून पाणी कमी ठेवणं हा इथे सर्वांत वाईट उपाय.

वाट बघताना सिरिंजने घशात पाणी सोडू नका. लुळ्या प्राण्याच्या ते फुफ्फुसात जातं. ओठांना ओलं बोट लावा, चाटलं तर ठीक.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर फेरेट बघतोच असं नाही. म्हणून फेरेट बघणारा दवाखाना, आणि रात्री उघडा असलेला त्याला पर्याय, हे दोन्ही आजच फोन करून विचारून ठेवा. जाताना पाण्याच्या आणि वजनाच्या नोंदींचा कागद, खाण्याच्या पिशवीचा फोटो, आणि वॉशर चावलेला असेल तर त्याचे उरलेले तुकडे सोबत न्या. रबर एक्स-रेमध्ये नेहमी दिसत नाही. हातातल्या तुकड्यांवरून डॉक्टरांना किती गेलंय याचा अंदाज येतो.